कडूनिंबाची उत्तर बाजू

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आहे... खरं सांगायचं तर हसायला. रविवारचा चहा, बशीत पोहे आणि कुणाच्या तरी मावसभावाला दिसलेली पांढरी साडी. नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मध्येमध्ये शेरे मारायचे, हा आमच्याकडचा ठरलेला कार्यक्रम. भूत, भानामती, मुंजा – कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. आज माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, तेव्हा तुम्हीही खुशाल हसा.

माझं शिक्षण शेतीचं, तेही अकोल्यात. माहेरही तिथलंच. नोकरी अमरावतीत, शहरातली झाडं सांभाळणाऱ्या एका खात्यात, कंत्राटी. छाटणी, वाळवी, वादळात तुटलेल्या फांद्या, तारांत अडकलेले शेंडे असलं काम. या कामात अंधश्रद्धेला तोटा नाही. पिंपळ छाटायचा म्हटलं की त्या दिवशी निम्म्या मजुरांच्या पोटात दुखतं. उंबराला करवत लावायची तर कुणीतरी नारळ घेऊन हजर. मी म्हणायची, "नारळ फोडा, खोबरं मला द्या, पण करवत चालवा." स्वभाव असा तडकफडक. त्यामुळे पाठीमागे मला काय काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि त्यातलं बरंचसं खरंही आहे.

तर, शहरातून बायपासकडे जाणारा एक रस्ता रुंद व्हायचा होता. कोणता ते मुद्दाम सांगत नाही. त्या रस्त्याच्या कडेला एक कडूनिंब होता. फार मोठा नाही, एका माणसाच्या कवेत जेमतेम मावेल एवढ्या खोडाचा. त्याच्याखाली गुलाबराव नावाच्या म्हाताऱ्या कारागिराचं कटिंगचं दुकान. दुकान म्हणजे काय – हात घासून गुळगुळीत झालेली एक लाकडी खुर्ची, एक पेटी, पाण्याचा फवारा, तुरटीचा खडा, आणि झाडाच्या खोडात ठोकलेल्या खिळ्यावर टांगलेला आरसा. तीस-पस्तीस वर्षं तो माणूस तिथं उभा होता. बायको घरी, मुलगा सुरतेला. मुलगा बोलवायचा, पण गुलाबरावांना तिथं करमत नसे. "तिथं मी बसून खातो, इथं उभा राहून खातो. उभ्यानं खाल्लेलं पचते," असं ते सांगायचे.

झाड काढायचं असलं की त्याच झाडावर नोटीस चिकटवायची पद्धत आहे – अमुक दिवसांत ज्याला हरकत घ्यायची त्यानं लेखी घ्यावी. बहुतेक नोटिसा बकऱ्या खातात. इथं मात्र नोटीस आरशाच्या शेजारीच लागली. दाढी होईपर्यंत गिऱ्हाइकाला दुसरं वाचायला काहीच नाही, त्यामुळे अख्ख्या मोहल्ल्याला ती पाठ झाली. पण हरकत एकच आली. वहीच्या रेघी कागदावर, मोठ्या अक्षरात: "सदर झाड तोडण्यास माझी हरकत आहे. कारण आरसा कोठे टांगावा हे नोटिशीत लिहिलेले नाही."

सुनावणीत तो कागद वाचला गेला तेव्हा सगळे हसले. मीही हसले. घरी येताना मात्र गाडी आपोआप त्या रस्त्याला वळली.

गुलाबराव एकाची दाढी करत होते. गिऱ्हाइकाचं डोकं वळवायची त्यांची एक लकब होती. कानामागे दोन बोटं नुसती टेकवायची आणि म्हणायचं, "जरासं इकडं." डोकं आपसूक वळायचं. मी बाजूच्या दगडावर बसले.

"गुलाबराव, झाड तोडत नाही आम्ही. मुळांसकट उचलून दुसरीकडे लावतो," मी म्हटलं.

"उचलून? झाड म्हंजे काय पलंग हाय का जी?"

मी सगळं समजावलं. मुळांभोवती मातीचा गोळा कसा राखतात, पोत्यानं कसा बांधतात, क्रेननं कसं नेतात. ऐकता ऐकता त्यांनी गिऱ्हाइकाला तुरटी लावली, टॉवेल झटकला आणि एकच विचारलं, "जगन का?"

"जगेल. माझी जबाबदारी."

"अन् माहा आरसा?"

"झाडासोबत. खुर्चीसकट."

हे मी नुसतं बोलले नाही, करूनही दाखवलं. चार टेबलं फिरून त्यांच्या नावानं पत्र काढलं – नव्या जागी, झाडाखाली, खुर्ची ठेवायची परवानगी. फक्त त्यात एक ओळ होती, ती मला काढता आली नाही: "झाड जिवंत असेपर्यंत." मार्चमध्ये कमिटी येऊन बघणार. झाडाला पालवी असली तर जिवंत. नसली तर मृत म्हणून नोंद, खोड उचलणार, जागा मोकळी. म्हणजे झाड गेलं की गुलाबरावांचं दुकान गेलं आणि या वयात सुरतेची गाडी. त्यांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं. मग आपल्या हरकतीच्या कागदाखाली लिहिलं, "मॅडमच्या शब्दावर हरकत मागे घेतो." खाली सही.

आता थोडं कामाचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोठं झाड हलवताना त्याच्या उत्तरेकडच्या बाजूला खुणेचा रंग लावतात आणि नव्या जागी ती खूण उत्तरेलाच ठेवून झाड बसवतात. कारण साधं आहे. दक्षिण-पश्चिमेची साल वर्षानुवर्षं ऊन खाऊन कणखर झालेली असते, उत्तरेची नाजूक असते. झाड उलटं बसलं तर नाजूक साल आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाला सामोरी जाते आणि तडकते. मुळं तुटलेली, पानं छाटलेली, त्यात साल तडकली की संपलं. गुलाबरावांचा आरसा उत्तर बाजूलाच होता. कारागीर माणूस, आरशात ऊन येणार नाही अशीच बाजू धरणार. मी स्वतःच्या हातानं त्या खिळ्याच्या वीतभर वर पिवळ्या रंगाचा जाड पट्टा ओढला.

ऑगस्टच्या शेवटी एक दिवस झाड उचललं. सकाळपासून आभाळ गच्च, सूर्याचं नखही दिसेना. नवी जागा बायपासच्या अलीकडच्या एका नव्या वस्तीत होती – मोकळं पटांगण, एका बाजूला पाण्याची टाकी, समोरच्या बाजूला शाळेची भिंत. येणारा रस्ता इतकी वळणं घेतो की दिशेचा पत्ता लागत नाही. दुपारचे चार वाजलेले. झाड क्रेनच्या पट्ट्यावर लोंबकळतंय, क्रेनवाल्याला पुढच्या कामावर जायचंय, पावसाची बुरबुर सुरू. मी मोबाईल काढला, त्यातलं होकायंत्र बघितलं आणि टाकीकडे हात केला. "उत्तर ही. खूण इकडे घ्या."

आमचे मुकादम वानखडे पुढे आले. पन्नाशीचा माणूस, बोलतो कमी, काम चोख. म्हणाले, "मॅडम, उत्तर तिकडं हाय. शाळेकडं. मेळघाटाचे पहाड तिकडून दिसते."

"कुठे दिसतात? मला तर काही दिसत नाही."

"आज आभाळ हाय म्हनून नाही दिसत. पन पहाड काही उठून गेले नाही ना जी."

"वानखडे, मोबाईल खोटं बोलते का?"

"मोबाईलचं मले मालूम नाही. मी इथलाच हाओ, एवढं सांगतो."

क्रेनवाल्यानं हॉर्न वाजवला. मी म्हटलं, "टाकीकडे." वानखडेंनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि माणसांना हात केला. झाड खाली गेलं. काळी माती, मुरूम, शेणखत, पाणी... तीन बाजूंनी बांबूचे टेकू. मी टाकीखाली उभी राहून फाईलसाठी फोटो काढला. पिवळा पट्टा बरोब्बर समोर, चेहऱ्यावर टिळा असावा तसा. फोटोखाली माझ्याच अक्षरात लिहिलं – उत्तर बाजू.

मी उभी होते क्रेनच्या त्या अवजड लोखंडी हातापासून जेमतेम दोन पावलांवर. लोखंडाशेजारी होकायंत्र वेड्यासारखं फिरतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. त्या दिवशी आठवलं नाही, बस्स.

मग गणपती आले, मिरवणुकीच्या वाटेवरच्या फांद्या आल्या, एक वादळ आलं. वानखडे पाणी घालून कळवायचे. मी तिकडे गेले ती एकदम ऑक्टोबरमध्ये, सकाळी अकराच्या सुमारास. कडक ऊन. झाड बोडकं होतं, पण त्याची काळजी नव्हती, हलवल्यावर सगळीच पानं टाकतात. गुलाबराव एका माणसाचे केस कापत होते आणि आरशावर ओला टॉवेल टाकलेला होता. आरसा झाकून कटिंग!

"हे काय? आरसा काहून झाकला?" मी विचारलं.

"धूळ लय उडते जी इकडं," ते खाली बघूनच म्हणाले.

मी सहज टॉवेल उचलला. आरशातून ऊन असं डोळ्यांत घुसलं की मला काही वेळ काहीच दिसेना. डोळे मिटूनच मला सगळं समजलं. ऑक्टोबरात अकरा वाजताचं ऊन उत्तरेकडून येत नाही. मी मोबाईल काढला – आता आजूबाजूला क्रेन नव्हती – आणि त्यानं निमूटपणे शाळेच्या भिंतीकडे बोट दाखवलं. वानखडेंच्या उत्तरेकडे.

टॉवेल पुन्हा आरशावर टाकला. खिळ्याच्या खाली सालीला बोटभर लांब भेग पडलेली होती.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली, भीती वाटली. कंत्राट मार्चमध्येच नवं व्हायचं होतं. झाड पुन्हा उचलून फिरवणं शक्य नव्हतं. एकदा मुळं तोडलेल्या झाडाला दुसऱ्यांदा उचललं तर ते नक्की जातं. वानखडेंना मात्र फोन केला. म्हटलं, "तुम्ही बरोबर होता." पलीकडून एवढंच आलं, "मंग आता काय करायचं मॅडम?" एक शब्द टोचून बोलले असते तर बरं वाटलं असतं.

करण्यासारखं एकच होतं. उन्हाची बाजू चुन्यानं पांढरी केली तर सालीला थोडा आधार मिळतो. दुसऱ्या दिवशी चुन्याचा डबा घेऊन मी स्वतः गेले आणि टाकीकडचं, म्हणजे दक्षिणेचं अर्धं खोड जमिनीपासून खांद्यापर्यंत रंगवलं. फक्त पिवळा पट्टा सोडला. शाळेकडच्या बाजूला चुन्याचा थेंबही लावला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे ते महत्त्वाचं आहे. गुलाबराव बघत होते. मला पाणी दिलं.

डिसेंबरात एका संध्याकाळी, पाचच्या सुमारास, मी तिथून जात होते. गुलाबरावांचं आवरणं चाललं होतं. वस्तरा पुसून पेटीत ठेवला, केस झाडून गोळा केले. मग ते खोडाजवळ गेले, आरशाच्या बाजूला सालीवर दोन बोटं टेकवली आणि अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, "जरासं इकडं."

मला हसू आलं. "गुलाबराव, झाडाची कटिंग करता का?"

ते लाजले. "सवय हाय जी हाताले."

"मग जरा जोर तरी लावा!"

"जोर नसते लावाचा," ते एकदम गंभीर होऊन म्हणाले. "जोर लावला का मानूस मान ताठ करते. मंग वस्तरा लागते. बोट ठिवाचं अन् सांगाचं. मंग तोच फिरते."

मी हसतच घरी आले. नवऱ्यालाही सांगितलं, दोघं हसलो.

जानेवारीत कमिटीसाठी फाईल लावायला बसले. दर महिन्याला वानखडे किंवा मी टाकीखालच्या त्याच फरशीवर उभं राहून एक फोटो काढायचो. ते पाच फोटो मी कॉम्प्युटरवर एका रांगेत लावले. पहिल्या फोटोत पिवळा पट्टा बरोब्बर मध्ये. दुसऱ्यातही जवळपास तसाच. तिसऱ्यात उजव्या अंगाला सरकलेला. वाटलं, वानखडे जरा बाजूला उभे राहिले असतील. चौथ्यात पट्टा खोडाच्या कडेला, जेमतेम अर्धा दिसत होता. पाचव्यात दिसतच नव्हता. टाकी, फरशी, शाळेच्या भिंतीवरचा रंगवलेला सुविचार सगळं जागच्या जागी. झाड मात्र, कुणीतरी हळूच हाक मारावी आणि माणसानं मान वळवत न्यावी, तसं.

मी त्याच वेळी गाडी काढली. वानखडेंना बोलावून घेतलं.

दुपारची वेळ, गुलाबराव जेवायला घरी गेलेले. आम्ही दोघंच. टाकीकडची बाजू कोरडी करडी साल, चुन्याचा मागमूस नाही. वळसा घातला. चुना पूर्वेला होता आणि तिथून उत्तरेकडे पोचत आलेला. पट्टा तिकडे, खिळा तिकडे, आरसा तिकडे. मी गुडघ्यावर बसून माती बघितली. आळं अखंड. आपली काळी माती, हिवाळ्यात तिला भेगा पडतात, पण खोडाभोवती गोल फिरल्याची एक रेघ नाही. बांबूचे टेकू जिथं रोवले तिथंच. टेकूंचे सुतळीचे दोर खोडाला बांधलेले, त्यांनाही ना पीळ, ना ढील.

"हे बघा जी," वानखडे म्हणाले.

ते जमिनीकडे बोट दाखवत होते. खुर्चीच्या चार पायांचे खळगे. एकाच जागी नव्हते. टाकीच्या बाजूनं सुरू होऊन, खोडाला वळसा घालत, पुढे पुढे सरकत गेलेले. रोज थोडी थोडी सरकलेली खुर्ची. आरसा जाईल तिकडे गिऱ्हाईक.

"वानखडे, खरं सांगा. कुणी क्रेन आणली होती?"

"मॅडम, क्रेन आनली असती तं चाकं नसते का उमटले? अन् झाड मेलं नसतं का?"

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि दूर उत्तरेकडे बघत राहिले. त्या दिवशी हवा स्वच्छ होती. पहाड दिसत होते.

माझा धाकटा भाऊ अकोल्यात मातीचा अभ्यास करतो. पुढच्या रविवारी फोटो घेऊन मी त्याच्याकडे गेले. मूर्तिजापूर येईपर्यंत गाडीत तेच तेच फोटो बघत होते. त्यानं आधी माझी यथेच्छ टिंगल केली – "ताई, तू आता ताईत विकायला बस." मग गंभीरपणे समजावलं की काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, विजेचे खांब कलतात, घरांच्या भिंती तडकतात, तेव्हा झाड थोडं फिरणं अशक्य नाही.

"थोडं म्हणजे किती?" मी विचारलं.

"एखाद-दोन अंश."

"हे अर्धं वर्तुळ होत आलं. आणि दोर?"

तो बराच वेळ फोटो मागे-पुढे करत बसला. मग म्हणाला, "चुना तू कोणत्या बाजूला लावला ते तुला नीट आठवतं का?" मला राग आला. पण त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. भावजयीनं जेवायला वाढलं आणि तो विषय तिथंच संपला.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पट्टा शाळेच्या भिंतीसमोर बरोब्बर येऊन थांबला. त्यानंतर एक बोटभरही हलला नाही. मी दर दोन दिवसांनी जाऊन बघत होते, वेड लागल्यासारखी. सालीवरच्या भेगेच्या दोन्ही कडा भरून येत होत्या. पण पालवी नव्हती. शहरातले बाकीचे कडूनिंब कोवळ्या तांबूस पानांनी भरले, हा तसाच बोडका. उन्हं तापायला लागली. गिऱ्हाइकं कमी झाली, डोक्यावर सावली नाही म्हटल्यावर कोण बसणार? गुलाबरावांच्या बायकोनं मला एकदा रस्त्यात थांबवून विचारलं, "बाई, सामान बांधाचं का आमी? पोरगा तिकीट काढतो म्हनते." त्या बाईच्या नजरेला नजर देता आली नाही. मी माझ्या एका हट्टापायी एका म्हाताऱ्या माणसाचं सगळं पणाला लावलं होतं आणि त्याला ते माहीतही नव्हतं, असं मला वाटत होतं.

कमिटी आली ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. तीन माणसं, एक छत्री. मी फाईल छातीशी धरून मागे उभी. एकानं खोडावर नखानं ओरखडा काढला, आत हिरवं होतं. दुसऱ्यानं वर बघितलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, वर बघायची हिंमत नव्हती. तो म्हणाला, "आहे की." दोन फांद्यांच्या बेचक्यात, छाटलेल्या टोकाशी, मुलांच्या नखाएवढी तांबूस पानं फुटली होती. परवापर्यंत नव्हती. एका ठिकाणी नव्हे, मोजून अकरा ठिकाणी. त्यांनी लिहिलं – जिवंत. तिघांच्या सह्या झाल्या, गाडी गेली. मी फाईलमध्ये तोंड खुपसून रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही. गुलाबराव वस्तऱ्याला धार लावत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"गुलाबराव, झाड मी उलटं लावलं होतं. वानखडे सांगत होते, मी ऐकलं नाही. भेग पडली ती माझ्यामुळे. तुमचं दुकान माझ्यामुळे जाणार होतं."

"मालूम हाय जी," ते म्हणाले. हात थांबला नाही.

"केव्हापासून?"

"पयल्याच दिवशी. आरसा टांगला अन् समजलं. तीस वर्सं त्या आरशात पाहून राहिलो मी."

"मग बोलला काहून नाही? तुम्हाला तर हरकत घेता येते. तुमच्या एका कागदावर सगळं ऑफिस हललं असतं!"

"हाओ. हललं असतं. अन् तुमी गेल्या असत्या." त्यांनी वस्तरा अंगठ्यावर तपासला. "इतक्या वर्सांत साहेब लोकायनं लय नोटिसा लावल्या. समोर दगडावर बसून कोनी शब्द देल्ला नव्हता. तुमी देल्ला. आता तो शब्द चुकला तं चुकला, मानूस हाय. म्हटलं, मॅडमचं नाव खराब कराचं, का झाडाले समजावाचं? ऑफिसाले समजावनं तं आपल्या हाती नाही."

मला पुढचं विचारायचं होतं. कसं? रोज काय केलंत? तुम्हाला दिसलं का ते फिरताना? पण त्यांनी खुर्ची झटकली, कारण एक गिऱ्हाईक येत होतं, आणि जाता जाता हळू आवाजात म्हणाले, "एक काम करा मॅडम. हे कोनाले सांगू नका. लोकं लय वाईट हाय. कळलं तं शेंदूर लावतीन, हार घालतीन, अगरबत्त्या खुपसतीन. दगडं आनून ओटा बांधतीन. मंग माही खुर्ची कोठी ठिवू?"

म्हणून रस्त्याचं नाव लिहिलं नाही, वस्तीचंही नाही. गुलाबराव हेही नाव खरं नाही. सदराच्या वाचकांनी शोधत येऊ नये, ही हात जोडून विनंती. माझं कंत्राट नवं झालं. फोटो माझ्याकडे आहेत, भाऊ अजूनही अधूनमधून फोन करून नवीन नवीन शक्यता सांगतो आणि मी त्या लिहून ठेवते. त्यातली एकही दोरांच्या गाठींना लागू पडत नाही. हे कसं झालं ते मला माहीत नाही, आणि ज्यानं केलं असं मला वाटतं त्यालाही बहुधा माहीत नाही. या उन्हाळ्यात तिथं सावली पडते. फार नाही, एका खुर्चीपुरती.